ऊर्जा आणि पायाभूत प्रकल्पांची वकिली: सातारा-सांगलीतून सुरुवात कशी करावी

पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार, ठोसेघरच्या वरची चाळकेवाडी, कवठेमहांकाळ तालुक्यातलं ढालगाव, जतचे माळ. इथे उभ्या असलेल्या प्रत्येक पवनचक्कीच्या पायाखाली कुणाचं तरी खरेदीखत किंवा भाडेपट्टा आहे. तिथून निघणाऱ्या तारेमागे वीजवाहिनीची परवानगी आहे, विजेमागे खरेदी करार आहे आणि त्या करारावर कुठल्यातरी बँकेचं कर्ज उभं आहे. कोयनेच्या १,९६० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाचं धरण सातारा जिल्ह्यात आहे. पुणे-कोल्हापूर महामार्ग इथून जातो. ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या उपसा योजना इथल्या, साखर कारखान्यांचे सहवीजप्रकल्प इथले. आता शेतीच्या फीडरसाठी सौर प्रकल्प गावोगाव येत आहेत.

या प्रकल्पांचे मोठे करार मुंबई-दिल्लीत लिहिले जातात. जमीन मात्र इथली असते आणि करार बहुतेक वेळा जमिनीपाशीच अडकतो. इथला सातबारा वाचता येणारा आणि वीज खरेदी करारही समजणारा वकील फार कमी सापडतो. म्हणून सातारा-सांगलीच्या मुलामुलींना मी सांगतो, की या क्षेत्रात वरून खाली येऊ नका. जमिनीपासून सुरुवात करा आणि एकेक थर चढत जा. पुढचा लेख त्याच क्रमाने आहे.

पायरी १: पदवी आणि सनद

यावर फार वेळ घालवत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, राज्याची सीईटी किंवा राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, नंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज आहे. मोठ्या विद्यापीठाचं नाव असेल तर मुंबईच्या फर्मचं पहिलं दार लवकर उघडतं, हे खरं आहे. पण कॉलेज कुठलंही असो, तीन विषय मन लावून करा: करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि कंपनी कायदा. विजेचा कायदा बहुतेक ठिकाणी शिकवतच नाहीत. तो स्वतः वाचावा लागतो.

शिकत असताना दोन प्रकारच्या ठिकाणी उमेदवारी करा. एक, जमिनीची कामं करणाऱ्या दिवाणी वकिलाकडे. दोन, जमल्यास प्रकल्प-वित्ताचं काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कार्यालयात, मग ते महिनाभरच का असेना. इंग्रजी मसुदालेखन पक्कं हवं, कारण करार इंग्रजीतच असतात. त्याचबरोबर तोच करार शेतकऱ्याला मराठीत बसून समजावता आला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमणं हेच तुमचं भांडवल आहे.

पायरी २: पहिली दोन-तीन वर्षं फक्त जमीन

अख्ख्या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे. घाई करू नका.

सुरुवात चालू सातबारा आणि ८अ पासून होते, पण तिथे थांबायचं नाही. सातबाऱ्यावर जितके फेरफार क्रमांक आहेत तितके सगळे काढायचे आणि किमान तीस वर्षं मागे जायचं. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच गावांत एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा, आकारफोड आणि कमी-जास्त पत्रक घेतल्याशिवाय जुना सर्व्हे नंबर नव्या गटाशी जुळत नाही. क्षेत्रातली तफावत बहुधा इथेच सापडते. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ चा शोध, दिवाणी न्यायालयात दावा चालू आहे का याची चौकशी आणि शेवटी स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस.

सातबाऱ्यावर प्रथम बघायचा तो भोगवटादाराचा वर्ग. वर्ग १, म्हणजे हस्तांतरणाला मोकळी जमीन, असेल तर वाट सोपी. वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर बंधन असलेली, असेल तर ती जमीन वर्ग २ का झाली, हे शोधायचं, कारण प्रत्येक कारणाची परवानगी वेगळी असते. कुळाला कलम ३२ग खाली मिळालेली जमीन असेल तर कूळकायद्याच्या कलम ४३ चं बंधन येतं. ३२म च्या प्रमाणपत्राला (कुळाच्या खरेदीचा दाखला) दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीने आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून काही अटींवर विक्रीची सवलत दिली आहे. त्या अटी तुमच्या प्रकल्पाला लागू पडतात का, हे शब्दशः तपासा. महार वतनाची जमीन असेल तर १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायदा आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी बघावी लागते. देवस्थान इनाम असेल तर जमीन देवाची आहे, पुजाऱ्याची नाही. तिथे वहिवाटदाराच्या सहीवर भाडेपट्टा करणं म्हणजे पुढच्या पिढीचा दावा आजच लिहून ठेवणं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, त्यामुळे या भागात संस्थानी सनदा आणि मोडीतले कागद अजून निघतात. मोडी वाचणारा एखादा जाणकार ओळखीचा असू द्या. जतच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी गावं आहेत. तिथे संमतीपत्र समजावून सांगताना दुभाषा घ्या आणि तसं कागदावर लिहा.

'इतर हक्क' हा रकाना नवखे वकील वाचून सोडून देतात. तिथे कूळ असतं, सोसायटीचा बोजा असतो, विहिरीचा आणि वाटेचा हक्क असतो, तुकडेबंदीचा शेरा असतो, पुनर्वसनासाठी हस्तांतरणावर निर्बंध असल्याचा शेराही असतो. धरणग्रस्तांचा हा भाग आहे. पुनर्वसनाचा शेरा दिसला की जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत काम पुढे नेऊ नये.

मग माणसं. पठारावरच्या एका गटात अनेकदा पंधरा-वीस सहहिस्सेदार निघतात. निम्मे मुंबईला, काही पुण्याला, एखादा वारलेला आणि वारसनोंद न झालेली. 'ए. कु. मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून थोरल्या भावाचं नाव लागलेलं असतं आणि बहिणींची नावं कुठेच नसतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा विनीता शर्मा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यानंतर मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा नाकारता येत नाही. बहिणीची सही 'नंतर बघू' असं कंपनीचा माणूस म्हणेल. तुम्ही ऐकू नका. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर घ्या आणि प्रत्येक हिस्सेदाराची सही किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घ्या. हक्कसोडपत्र दाखवलं तर ते नोंदलेलं आहे का, तेही बघा.

पश्चिमेकडे जंगलाचा प्रश्न येतो. गट खाजगी मालकीचा दिसला तरी १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा आहे का, वन संवर्धन कायदा लागू होतो का, जागा पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात किंवा २०१० साली घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येते का, याची वनविभागाकडून लेखी खातरजमा हवी. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे. त्या बाजूला प्रकल्प सुचवणाऱ्या अशिलाला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं.

आणखी एक गोष्ट. कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला होणाऱ्या विक्रीपुरतंच आहे, असा समज पसरलेला आहे. त्यात भाडेपट्टाही येतो. कंपनी शेतकरी नसते, त्यामुळे कलम ६३-१अ चा बोनाफाईड औद्योगिक वापराचा मार्ग किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी यांपैकी काय लागेल, हे शोध अहवालातच (जमिनीच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल) लिहा. बिनशेतीचा मुद्दाही तिथेच.

पायरी ३: भाडेपट्टा लिहायला शिका

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. मुद्रांक महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे. हे यांत्रिक झालं. खरी कसोटी मजकुराची.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान १,२५,००० रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असं सूत्र आहे. ही ३ टक्के वाढ मूळ दरावर की आदल्या वर्षीच्या दरावर, हा प्रश्न कुठल्याही भाडेपट्ट्यात विचारायची सवय लावा. मूळ दरावर धरली तर पंचविसाव्या वर्षी भाडं २,१५,००० रुपये होतं, चक्रवाढीने धरली तर सुमारे २,५४,०००. एका हेक्टरला एका वर्षात जवळपास ३९,००० रुपयांचा फरक. शासकीय योजनेत शासन निर्णय काय म्हणतो ते वाचायचं, आणि खाजगी करारात गणित उदाहरणासह परिशिष्टात लिहायचं. म्हणजे वीस वर्षांनी दोन्ही बाजूंचे वारस त्यावर भांडणार नाहीत.

बँकेचा वकील तीन गोष्टी मागतो: भाडेपट्ट्याची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब असावी, भाडेहक्क तारण ठेवता यावा, आणि कंपनीने भाडं थकवलं तर करार मोडण्यापूर्वी बँकेला नोटीस आणि दुरुस्तीची मुदत मिळावी. शेतकऱ्याला वेगळ्या गोष्टी लागतात: भाडं कुठल्या तारखेला, उशिराला व्याज किती, उरलेल्या शेतात जायची वाट, गुरांची वाट, पावसाचं पाणी कुठे वळवणार, मुदत संपल्यावर सांगाडे आणि काँक्रीट कोण काढणार आणि त्यासाठी अनामत आहे का. तुम्ही कुठल्याही बाजूचे असाल, दोन्ही याद्या लिहा. काम कंपनीचं करत असाल तर शेतकऱ्याला स्पष्ट सांगा, की तुमचा वकील वेगळा असू द्या. एकाच व्यवहारात दोघांचं काम अंगावर घेऊ नका.

पायरी ४: वीज कायदा, २००३

कायदा लांबलचक आहे, पण सुरुवातीला थोडी कलमं पुरतात. कलम ७: वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. कलम ९: स्वतःच्या वापरासाठीची निर्मिती. कलम ४२: वितरण आणि ओपन ॲक्सेस, म्हणजे दुसऱ्याच्या तारांवरून आपली वीज नेण्याची मुभा. कलम ६२ आणि ६३: दर वीज नियामक आयोगाने ठरवणे आणि निविदेतून ठरणे. कलम ८६: राज्य आयोगाचं काम. कलम १११ आणि १२५: अपील. याच्या जोडीला २००५ च्या वीज नियमांतला नियम ३ पाठच करा. कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा प्रकल्प, म्हणवून घ्यायचं तर वापरणाऱ्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वापर किमान ५१ टक्के हवा. समूह कॅप्टिव्हमध्ये, म्हणजे अनेक वापरणाऱ्यांच्या एकत्र प्रकल्पात, हा हिशोब कसा करायचा, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दक्षिण गुजरात वीज कंपनी विरुद्ध गायत्री शक्ती पेपर या खटल्यात सविस्तर निकाल दिला आहे.

इथे स्थानिक अशील मिळतो. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला वीजबिल कमी करायचं असतं. २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी भाराची किमान मर्यादा १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे मध्यम कारखानेही यात आले. वीज बनवणारी कंपनी त्याच्यासमोर भागधारक करार आणि वीजपुरवठा करार ठेवते. २६ टक्के भाग घेतल्यावर बाहेर पडताना पैसे कसे मिळणार, ५१ टक्के वापर झाला नाही तर क्रॉस सबसिडी अधिभार (बाहेरून वीज घेणाऱ्यावर लागणारा जादा आकार) कोण भरणार, हे दोन प्रश्न विचारणारा वकील त्याला हवा असतो. साखर कारखान्यांच्या सहवीजप्रकल्पांचे महावितरणशी झालेले करार हा अभ्यासाचा दुसरा स्रोत. बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज, गाळपाचा हंगाम, हंगामाबाहेरचा पुरवठा, जुन्या कराराची मुदत, हे सगळं त्यात असतं.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे आदेश सर्वांना वाचायला खुले आहेत. आठवड्याला एक तरी पूर्ण वाचा. कोण काय मागत होतं, आयोगाने कुठल्या नियमावर बोट ठेवलं आणि काय नाकारलं, एवढं वहीत लिहा.

पायरी ५: वीज खरेदी करार, म्हणजे पीपीए

पीपीए हातात आला की पहिलं पान सोडून तारखा शोधा: सही, वित्तपूर्तता (कर्ज आणि भांडवलाची जुळणी पूर्ण होणं), प्रकल्प सुरू करायची तारीख, त्याला किती मुदतवाढ, कुठल्या कारणाने. एका पानावर तारखांचा तक्ता काढा. मग पैसे: दर, देयकाची मुदत, उशिराचा अधिभार, पतपत्राची सुरक्षा. मग दंड: उशीर झाला तर रोज किती आणि कमाल किती, निर्मिती कमी पडली तर किती. करार कायद्याचं कलम ७४ इथे लागतं.

'कायद्यातील बदल' आणि 'दैवी आपत्ती' ही दोन कलमं दहादा वाचा. एनर्जी वॉचडॉग खटल्यात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की इंडोनेशियात कोळसा महागला म्हणून ती दैवी आपत्ती होत नाही. भारतातल्या कायद्यात किंवा धोरणात बदल झाला तर मात्र करारानुसार भरपाई मागता येते. सौर पॅनेलवरची शुल्कं, करांचे दर, जोडणीतला विलंब, सगळे वाद याच दोन कलमांभोवती फिरतात. मसुद्यात 'कायदा' या शब्दाची व्याख्या किती रुंद आहे, यावर कोट्यवधी रुपये ठरतात.

पायरी ६: पैसा

प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढतात, म्हणजे एसपीव्ही. कर्ज देणारा प्रवर्तकाच्या श्रीमंतीपेक्षा या कंपनीच्या भावी उत्पन्नाकडे बघतो. म्हणून वीजविक्रीचे सगळे पैसे ट्रस्ट अँड रिटेन्शन खात्यात जमा होतात आणि ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतात. इरेडा, पीएफसी, आरईसी यांच्यासारख्या ऊर्जा प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या संस्थांचे कर्जकरार वाचायला मिळाले तर सोडू नका. जिल्ह्यातल्या वकिलाचं काम इथे ठरावीक असतं: मालकी हक्काचं प्रमाणपत्र, जमिनीवरचं किंवा भाडेहक्कावरचं गहाणखत, आणि कर्जवाटपापूर्वीच्या अटींमधल्या जमिनीच्या बाबी पूर्ण झाल्याचा दाखला. कंपनीवरचा बोजा कंपनी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे ३० दिवसांत नोंदवायचा असतो. ही तारीख तुमच्याच डायरीत ठेवा.

पायरी ७: रस्ते आणि तारा

राष्ट्रीय महामार्गाचं भूसंपादन १९५६ च्या कायद्याने होतं. ३अ ची अधिसूचना, ३ड ची घोषणा, ३ग खाली मोबदला, तो मान्य नसेल तर लवाद. २०१९ च्या तरसेम सिंग निकालानंतर दिलासा रक्कम आणि व्याज महामार्गाच्या संपादनातही मिळतं. शेतकऱ्यांची ही कामं करताना संपादन आतून कसं चालतं हे कळतं, आणि उद्या ठेकेदार कंपनीला सल्ला देताना तेच उपयोगी पडतं. रस्त्याचं काम हॅम (हायब्रिड ॲन्युइटी) पद्धतीचं असेल तर प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात मिळते आणि उरलेली ६० टक्के वार्षिकीने, म्हणजे पुढे ठरावीक हप्त्यांनी. त्यामुळे जमीन वेळेत ताब्यात न मिळण्याचा फटका थेट कंपनीच्या कर्जफेडीवर बसतो.

उच्चदाब वाहिन्यांत जमीन संपादन होत नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहते, तरी मनोऱ्याचा पाया आणि तारांखालची पट्टी त्याच्या वापरातून जवळजवळ जाते. वीज कायद्याच्या कलम १६४ चे अधिकार, नुकसानभरपाई कोण ठरवतं, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ आणि २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आणि त्यावरचा राज्याचा आदेश, हे चारही कागद एका फाईलमध्ये ठेवा.

पायरी ८: वाद कुठे न्यायचा

उत्पादक आणि वितरण परवानाधारक यांच्यातला वाद कलम ८६(१)(फ) खाली राज्य आयोगापुढे जातो. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोग तो स्वतः निकाली काढू शकतो किंवा लवादाकडे पाठवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गुजरात ऊर्जा विकास निगम विरुद्ध एस्सार पॉवर या निकालात सांगितलं. आयोगाच्या आदेशावर दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणात, तिथून सर्वोच्च न्यायालयात. जमिनीचे, परवानगीचे, संपादनाचे वाद मात्र दिवाणी न्यायालयात आणि उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आणि सातारा-सांगली त्याच्या कक्षेत आहेत. रिट याचिकेसाठी आता मुंबई गाठायची गरज उरली नाही. माझ्या मते आपल्या भागातल्या तरुण वकिलांसाठी एवढी मोठी संधी बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

पाण्याचा एक धागा विसरू नका. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. सह्याद्रीत आता उदंचन (पाणी पुन्हा वर चढवून वीज बनवणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पांचे प्रस्ताव येत आहेत. त्यांच्या वकिलाला लवादाचा निवाडा आणि वीज कायदा दोन्ही यावे लागतील.

पायरी ९: नोकरी, फर्म की स्वतःचं कार्यालय

मुंबईच्या फर्ममध्ये करारांचा वेग आणि शिस्त शिकायला मिळते. दोन-चार वर्षं जमली तर जरूर करा. कंपनीत किंवा महावितरण, महापारेषणसारख्या संस्थेत विधी अधिकारी व्हायचं तर पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. साताऱ्यात किंवा सांगलीत स्वतःचं कार्यालय काढलंत तर बाहेरच्या फर्मना स्थानिक वकील लागतोच. जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे तुमचा शोध अहवाल हीच ओळख. तो असा लिहा, की मुंबईतला माणूस सातबारा न बघताही धोका कुठे आहे हे ओळखेल: काय तपासलं, काय मिळालं नाही, कुठली परवानगी बाकी आहे, कोणाची सही राहिली.

फी गटावर किंवा टप्प्यावर ठरवा. एकरामागे दलाली घेऊ नका. निकालावर किंवा व्यवहार होण्यावर अवलंबून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांतही बसत नाही, आणि एकरामागे पैसे मिळू लागले की दोष दिसूनही न लिहिण्याचा मोह होतो. गावात कंपनीचा एजंट म्हणून नाव झालं तर ते पुसलं जात नाही.

पुढचं काम: जुन्या पवनचक्क्यांची पुनर्बांधणी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या काही वर्षांत बसलेल्या छोट्या पवनचक्क्यांचं आयुष्य संपत आलं आहे. त्या काढून मोठ्या बसवायच्या, याला रीपॉवरिंग म्हणतात. केंद्राने त्यासाठी २०१६ मध्ये धोरण आणलं आणि २०२३ मध्ये सुधारलं. पाटण, सातारा, कवठेमहांकाळ, जत, शिराळा या भागातल्या वकिलांना याचं काम येणार आहे आणि ते सोपं नाही. चार छोट्यांच्या जागी एक मोठी उभी राहिली की चौघा मालकांचं नातं, वाटा आणि भाडं नव्याने लिहावं लागतं. जुनी पाती छोटी होती, नवी शेजारच्या गटावरून फिरतील, त्यासाठी त्या मालकाची संमती हवी. जुन्या खरेदीखतात पायापुरतं क्षेत्र आणि रस्ता यांची नोंद वेगळी झालेली असते. असा कागद हाती आला तर या क्रमाने जा: मूळ दस्त आणि त्यातली मुदत, मधल्या काळात वारलेल्या मालकांच्या वारसनोंदी, झालेल्या वाटण्या, जुना वीज खरेदी करार चालू आहे की संपला, ग्रीड जोडणीची क्षमता कोणाच्या नावावर आहे, ग्रामपंचायतीच्या कराची थकबाकी आणि शेवटी जागेवर जाऊन मोजणी. मोजणीला त्या गटाच्या चतुःसीमेतल्या प्रत्येक शेतकऱ्याला नोटीस गेली आहे का, हे स्वतः बघा.